बिनआवाजाचं वादळ

नवेगाव बांध
९ मे २०२५

प्रिय मंजू,

आधी एवढंच वाच की आम्ही सगळे जिवंत आहोत. बाकीचं चहा घेत घेत वाचलंस तरी चालेल.

तू फोन लावून थकली असशील. टॉवर आडवा पडलाय आणि विजेचे खांब रस्त्यावर लोळताहेत. तसाही माझा फोनशी काय संबंध? तापात कान गेले तेव्हापासून आपण नणंद-भावजय टपालावरच जगतोय. शेजारचा टिकाराम अर्जुनीला निघालाय, त्याच्या हाती हे पत्र देते.

वादळ आलं ते दुपार कलल्यावर. लोक सांगतात, छातीवरून मालगाडी जावी तसा आवाज होता. मला काय ठाऊक! मी ते नुसतं पाहिलं. बांधापलीकडचा तलाव आधी पिवळा झाला, मग दुधासारखा पांढरा, आणि मग तलाव कुठे संपतो न् आभाळ कुठे सुरू होतं ते कळेना. छपरावरचे कवेलू एकामागून एक उठले, जराही घाई न करता, आणि पारव्यांसारखे निघून गेले. कोणाची तरी हिरवी साडी वर चढली आणि बराच वेळ तिथेच तरंगत राहिली. खाली यायचं तिच्या मनातच नव्हतं. आवाज नसला की भीतीसुद्धा उशिरा येते गं. मी अंगणात उभी राहून जत्रा बघावी तशी बघत होते.

मग गाय आठवली. तिला सोडायला कोठ्यात गेले आणि मागचं मोहाचं झाड कोठ्यावर कोसळलं. अंधार, धूळ, आणि मानेवर गाईचा गरम श्वास. दगडी गव्हाणीनं फाटे वरच्या वर धरून ठेवले म्हणून आम्ही दोघी वाचलो. एका फटीतून उजेडाची काडी येत होती, तिच्यात धूळ नाचत होती. खरं सांगते, हसू नकोस, मला तिथे डुलकी लागली. लोकांनी ओढून काढलं तेव्हा झोपेतून उठवल्याचा राग आला होता.

खांदा सुजलाय, हाड शाबूत आहे. गाय ठीक आहे, फक्त दूध आटलं. अर्ध्या घरावर छप्पर नाही. कापणीला आलेलं उन्हाळी धान पार झोपलं.

तुझे दादा धडधाकट आहेत. फक्त बोलत नाहीत. त्या दिवसापासून तोंडातून शब्द नाही. आता घरात एकाला ऐकू येत नाही आणि एकाला बोलायचं नाही, म्हणजे भांडणाचीसुद्धा सोय उरली नाही बघ.

तुझी वहिनी,
नंदा

—

श्रीवर्धन
१७ मे २०२५

प्रिय वहिनी,

पत्र हातात पडलं आणि मी दारातच बसून वाचलं. चहा कसला घेतेय! ह्यांनी दोनदा विचारलं, काय झालं म्हणून, तर मला सांगताच येईना. रडूनच घेतलं आधी.

तुमची डुलकी वाचून मात्र हसू आलं. अख्खं झाड अंगावर आणि बाई झोपली! लहानपणी मला थोपटता थोपटता तुम्हीच आधी झोपायच्या, ते खोटं नव्हतं तर.

वहिनी, आमच्याकडे पाच वर्षांपूर्वी चक्रीवादळ आलं तेव्हा मी तुम्हाला सगळं लिहिलं नव्हतं. नारळ-सुपारीच्या बागा एका दुपारीत भुईसपाट झाल्या. लोक जेवत होते, कामाला जात होते, पण आतून जागेवर नव्हते. मी स्वतः कितीतरी महिने पायात चपला घालून झोपत होते. पळायची वेळ आली तर शोधायला नकोत म्हणून. ह्यांनी एकदाही विचारलं नाही की अंथरुणात चपला कशाला. एके दिवशी मी आपोआप काढून ठेवल्या. तोवर सगळी वाडी नव्या रोपांनी हिरवी झाली होती.

म्हणून सांगते, दादाला बोल बोल करून पिडू नका. पण त्याचा गळा एकदा डॉक्टरला दाखवा. आणि एक विचारू? तो कोणाशीच बोलत नाही, की फक्त तुमच्याशी? तुमचं काही बिनसलंय का? लपवू नका. तुम्ही जास्त विनोद करायला लागलात की मला काळजी वाटते.

ताडपत्री पाठवतेय, जाड आहे, पहिल्या पावसाला पुरेल. खांद्याला शेक द्या आणि इतक्यात डोक्यावर ओझं घेऊ नका.

तुमची,
मंजू

—

नवेगाव बांध
२६ मे २०२५

प्रिय मंजू,

ताडपत्री पोचली. निळी आहे. घरात दिवसभर निळा उजेड पडतो, चुलीचा धूरही निळा दिसतो. भात रांधताना वाटतं, आपण तलावाच्या तळाशी संसार मांडलाय आणि वरून होड्या जाताहेत.

वीज अजून नाही. चांदण्या एवढ्या खाली आल्यात की माणसं कंदील न घेताच फिरतात. तलावातून अजून कोणाचं टीन, कोणाची खाट काठाला लागते. ज्याचं त्याला ओळखून देणं चाललंय. मला आपला पाट सापडला नाही, पण काठच्या चिखलात कोणाची तरी पितळी समई सापडली. अजून कोणी मागायला आलं नाही.

स्वप्निल नागपूरहून आला होता. बापाला गोंदियाला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, गळा साफ आहे, काही दोष नाही. म्हणजे बोलता येतं, बोलायचं नाही. पोराशी नाही, टिकारामशी नाही, बैलांशी सुद्धा नाही. मोहल्ल्यात ज्याचं त्याचं छप्पर शाकारत फिरतात. आपल्या छपराला मात्र अजून हात लावला नाही.

रात्रीची स्वप्नं पडतात. स्वप्नात मला अजून ऐकू येतं, तुला ठाऊक आहे. पाणी बांधाला लागतं ते ऐकू येतं, गाईच्या गळ्यातली घंटी ऐकू येते. तुझे दादा समोर उभे असतात, त्यांचे ओठ हलतात, आणि तेवढाच एक आवाज नसतो.

तू विचारलंस म्हणून लिहिते, नाही तर लिहिणार नव्हते. मला बाहेर ओढलं तेव्हा डोळ्यांतली माती पुसून मी पहिले त्यांनाच शोधलं. सगळा मोहल्ला फाटे उचलत होता. हिरालालची म्हातारी आईसुद्धा हातानं माती उपसत होती. आणि तुझे दादा भिंतीपाशी उभे होते. हात खाली सोडलेले, तोंड मिटलेलं. शेजारी टिकाराम. लग्नघरी पाहुणा उभा राहतो तसे.

अंगणापासून कोठा किती दूर आहे ते तुला ठाऊक, तू तिथेच लहानाची मोठी झालीस. मोह कलताना त्यांनी पाहिला असणार. मला बोलवायचं तर ते समोर येऊन दुपट्टा हलवतात, नाही तर पाठीवर बारीक खडा मारतात. त्या दिवशी खडासुद्धा मारला नाही मंजू.

स्वप्निल म्हणतो, आई, नागपूरला चल. मी हो म्हटलं आहे. जुलै लागला की तो न्यायला येईल. रागानं नाही जात. पण ताटात भात वाढते तेव्हा मनात येतं, हा माणूस कोण आहे. असं येऊ लागलं की त्या घरात राहू नये.

नंदा

—

श्रीवर्धन
४ जून २०२५

वहिनी,

तुम्ही असं कसं लिहिलंत? मी सख्खी बहीण म्हणून सांगते, दादा असा नाही. विहिरीत पडलेल्या कुत्र्यासाठी उडी मारणारा माणूस तो. तुमच्यासाठी नुसता उभा राहील?

आणि राहिला असेलही उभा, तर माणूस थिजतो वहिनी! आमच्या वादळात हेसुद्धा दाराची कडी धरून पुतळ्यासारखे उभे राहिले होते, मी ओरडत होते तरी. मी तेव्हाच मनातून काढून टाकलं. तुम्ही तर त्याच्यासोबत उभा जन्म काढलात. एका दुपारवरून तो जन्म पुसून टाकणार?

तो कोणाशीच बोलत नाही, म्हणजे त्यालाही काहीतरी लागलं असेल ना आतून? तुम्ही त्याला विचारलं तरी का? की तुम्हीही तोंड मिटूनच बसलात?

नागपूरचं एवढ्यात ठरवू नका. धानाची रोपं लावायचा रोवणा तोंडावर आलाय. तुमच्याशिवाय शेताच्या बांधीत बायांना कोण हाकणार?

रागावू नका. पण रागावलात तरी पत्र टाका.

मंजू

—

नवेगाव बांध
१३ जून २०२५

मंजूबाईस,

तू नणंद आहेस, भावाचीच बाजू घेशील. त्यात वावगं काही नाही. रक्ताचं पाणी होत नाही म्हणतात ते खरंच आहे.

तुझ्या नवऱ्यानं कडी धरली तेव्हा तू दाराच्या आत होतीस. मी झाडाखाली होते. एवढाच फरक.

तू विचारतेस, त्यांना विचारलं का. विचारून काय करू? उत्तर त्यांच्या ओठांवर वाचायचं, आणि ओठ तर शिवलेले.

तुला आणखी एक सांगते आणि मग हा विषय पुरे. मी बोअरिंगवर पाणी भरायला गेले की बाया माझ्याकडे बघतात, एकमेकींना कोपर मारतात आणि तोंडाला पदर लावून हसतात. ती चंदा तर परवा हसता हसता खालीच बसली. मी झाडाखाली दबले त्यात हसण्यासारखं काय आहे? की नवरा बघत उभा राहिला त्याचं हसू येतं? बहिऱ्या माणसासमोर लोक काहीही बोलतात, भिंतीसमोर बोलावं तसं. मी हंडा उचलून परत येते.

ढग येऊन तलावावर बसतात आणि न बरसता उठून जातात. सगळा गाव वर बघत चालतो. मी पेटी काढली आहे. तिची कडी वादळात तुटली होती. काल सकाळी पाहते तर तुझ्या दादांनी नवी कडी बसवून, तेल लावून ठेवलेली. म्हणजे जा, असंच म्हणणं झालं ना?

नंदा

—

श्रीवर्धन
२० जून २०२५

प्रिय वहिनी,

हे पत्र बसून वाचा. शक्य असेल तर एकट्या असताना.

काल तुमच्याकडचे फोन सुरू झाले. मी पहिला फोन चंदाला लावला आणि आधी तिला झाडलं, माझ्या वहिनीला काय हसतेस म्हणून. ती गडबडली. मग तिनं जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहिते, कारण माझ्या शब्दांत ते खरं वाटणार नाही.

“अवो मंजूबाई, तिले हसून नाही राहिलो आमी! चैतरामभाऊले हसून राहिलो. मोह कलला ना, तं भाऊ अंगणातून वरडला. ‘नंदा! नंदे! मांगं पाय, नंदे!’ एवढ्या वाऱ्यातनी अख्ख्या मोहल्ल्यानं आयकलं. आमच्या गावात कोन्त्या मानसानं बायकोचं नाव असं चारचौघांत घेतलं कधी? अन् झाड पडल्यावर तं थांबेच ना. नंदा, नंदा, नंदा. आवाज फुटला, घोगरा झाला, तरी वरडूनच राहिला. लोकं मांगच्या बाजूनं येऊन तिले काढून राहिले, तोवर वरडला. ते बाहेर आली, अन् त्याचा आवाज गेला.”

मी विचारलं, मग तो धावला का नाही?

“धावन कसा? अंगनात खांब पडला, तारा जित्या, चिनग्या उडून राहिल्या. टिकारामनं मांगून कवळी घालून धरलं त्याले. टिकारामच्या हाताले चावला ना भाऊ! वन अजून आहे, पाहून घ्या. लाइन बंद झाल्यावर सोडलं, तवा त्याच्या पायातनी जीवच नव्हता. अन् तुमी काऊन विचारून राहिल्या हे? नंदाबाईले मालूम नाही का? आमाले वाटलं, तिच्याच नावानं वरडला, तं तिले मालूमच असन!”

वहिनी, समजलं ना? सगळ्या गावानं ऐकलं. जिचं नाव, तिलाच तेवढं ऐकू आलं नाही. आणि तुम्हाला ऐकू येत नाही हे त्या क्षणी जगात एकच माणूस विसरला होता.

तुमच्या लग्नात मी परकर नेसलेली पोर होते. सूनमुखाच्या वेळी तुम्ही दादाचं नाव केवढं लांबलचक घेतलं होतं, चांदीच्या ताटापासून नवेगावच्या तलावापर्यंत. मग सगळे दादाच्या मागे लागले, आता तू घे. तर त्याला असा खोकला लागला की तो मांडवातून उठून गेला तो जेवणाच्या पंगतीलाच परत आला. त्यानंतर “अवो”, “आयकलं का”, आणि पुढे “स्वप्निलची माय”. माझ्या कानांनी त्याच्या तोंडून तुमचं नाव कधीच ऐकलं नाही.

मागच्या पत्रात मी भावाची बाजू घेतली, पण मलाही काही ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, तो थिजला असेल. थिजला नव्हता.

आता तुम्हाला जे करायचं ते करा. नागपूरला गेलात तरी मी तुमचीच आहे.

मंजू

—

नवेगाव बांध
३ जुलै २०२५

प्रिय मंजू,

तुझं पत्र आलं तेव्हा मी पेटीवर बसूनच वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग ब्लाउजमध्ये खोचून घरभर नुसती फिरत राहिले, एक काम धड झालं नाही. दूध उतू गेलं. हो, गाय आता दूध देते.

आधी टिकारामकडे गेले. म्हटलं, हात दाखव. तो लाजून हात मागे लपवू लागला, एवढा बाप्या माणूस. मी मनगट धरून पुढे ओढलं. दातांचा वण आहे मंजू. मी त्यावरून बोट फिरवलं तर तो म्हणाला असावा, काही नाही वो, काही नाही. मला त्याच्या दारातच रडू फुटलं आणि त्याच्या बायकोनं मला पाणी दिलं.

पाऊस रात्रीपासून पुन्हा लागला होता. मोठा नाही, हळू, तलावावर नुसतं धुकं पडावं तसा. सकाळी मी बांधीवर गेले. तुझे दादा पऱ्ह्याच्या बांधीत पोटरीभर पाण्यात उभे होते. सगळीकडे तेच ते पाणी, वर आभाळ, खालीही आभाळ, आणि मधे कोवळे हिरवे पऱ्हे, धानाची रोपं. त्यांच्याकडे चालत गेले तेव्हा पाय जमिनीला लागतात की नाही तेच मला कळत नव्हतं. अजूनही खात्री नाही की ती सकाळ मी जागेपणी पाहिली.

मी म्हटलं, “तुमी मले नावानं आवाज देल्ला म्हनतात.”

ते पाण्याकडे बघत राहिले. दुपट्ट्याचं टोक हातात पिळत होते. मी हनुवटीला धरून तोंड वर केलं, भर बांधीत, आणि त्यांचे ओठ हलले. मी सगळं वाचलं.

“एवढा वरडलो. तू मांगं पाह्यलंच नाही.”

एवढंच. म्हणजे इतके दिवस हा माणूस हेच धरून बसला होता. जन्मात एकदा माझं नाव घेतलं आणि मी वळले नाही. त्यांना वाटलं, आपल्या आवाजात काही दमच नाही, तर आता तो काढायचा कशाला? आणि मी पेटी भरत होते. दोघं एकाच घरात, एकाच निळ्या उजेडात. मला त्यांचा इतका राग आला आणि इतकी माया आली की एका हातानं मारावं आणि दुसऱ्यानं जवळ घ्यावं. म्हटलं, “मी बहिरी आहो, बावा! बहिरी! तुमाले मालूम नाही का?” तर त्यांनी मान हलवली आणि डोळ्यांतून पाणी काढलं.

पेटीच्या कडीचंही विचारलं. म्हणाले, रस्त्यात उघडून तुझं सामान सांडू नये म्हणून. जा, असं नव्हतं ते.

स्वप्निल ठरल्याप्रमाणे गाडी घेऊन आलाय. गाडी आंब्याखाली उभी आहे आणि तो चिखलात, बापासोबत रोवण्याला. आई येतेस की नाही, हे विचारायचं त्याला सुचलं नाही, मीही विषय काढला नाही. छपरावर कवेलू चढलेत.

आता मुख्य ते लिहिते. हे तू कोणाला वाचून दाखवशील तर याद राख.

बांधीत मी त्यांना म्हटलं, आता मी समोर आहे, पाठमोरी नाही. आता घ्या. त्यांनी चहूकडे पाहिलं. पलीकडच्या बांधीत चंदा आणि तिच्या बाया वाकून पऱ्हे उपटत होत्या. वाकल्या होत्या, पण कान इकडेच होते, ते मला बहिरीलासुद्धा दिसलं. त्यांनी खोकायची तयारी केली. मी म्हटलं, खोकायचं नाही.

मग मी माझा तळहात त्यांच्या गळ्यावर ठेवला, कंठ वर-खाली होतो तिथे. पाऊस बोटांवरून ओघळत होता. मग आत काहीतरी घरघरलं, जुना रहाट बऱ्याच दिवसांनी फिरावा तसं, आणि माझ्या हाताला लागलं. आधी एक लांब थरथर, मग एक छोटी. नं. दा. मी त्यांच्या ओठांकडे पाहिलंच नाही. मला तळहातानंच कळलं. पलीकडे चंदा ताठ उभी राहिली होती, दोन्ही हातांतल्या पऱ्ह्यातून पाणी गळत होतं, आणि या वेळी ती हसत नव्हती.

मी हात तिथेच ठेवला आणि म्हटलं, “मले काही आयकू नाही आलं. आणखी एक डाव म्हना.”